पुस्तकातली प्रकरणं मुलांना द्यायची आहेत, कॉपीराइटचं काय? (तातडीचं)

वैतागलेला_मास्तर
सोमवारपासून एस.वाय.ला शिकवायचंय. पुस्तक बाजारात नाही, प्रकाशक फोन उचलत नाही. तीन प्रकरणं मुलांना द्यायची आहेत. प्राचार्य म्हणतात, 'कॉपीराइटचं बघा, मग सही करतो.' चालेल की नाही, एवढंच सांगा. प्रवचन नको.

कलम_बावन्न
सर, एवढ्यावरून कसं सांगणार? लेखक हयात आहेत का? छापील देणार की पीडीएफ? कोणाकोणाला? पैसे घेणार का?

दहा_टक्केवाले
इतकं किचकट नाही ते. दहा टक्के पानं चालतात. २४० पानी पुस्तक असेल तर २४ पानं बिनधास्त काढा.

कलम_बावन्न
हा दहा टक्क्यांचा आकडा आपल्या कायद्यात कुठेही नाही. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२(१)(आय) बघा: शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल उल्लंघन ठरत नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घातला तरी तेच. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ ला सांगितलं की पानं मोजायची नाहीत, शिकवायला तेवढा मजकूर लागतो का ते बघायचं. आणि 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे फक्त तासाची पंचेचाळीस मिनिटं नव्हेत.

दहा_टक्केवाले
म्हणजे अख्खी पुस्तकं झेरॉक्स करा? मग लिहिणाऱ्याने खायचं काय?

कलम_बावन्न
अख्खं कोण म्हणतंय? अभ्यासक्रमात तीन प्रकरणं नेमली असतील तर तीन. चौथं 'असू दे, पुढे लागेल' म्हणून काढलंत की कसोटीत बसवणं अवघड.

गॅदरिंग_सचिव
एकांकिका बसवायची असेल तर त्याच कलमातलं (जे) वाचा. प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं, एवढेच असतील तर परवानगी लागत नाही. तिकीट लावून गावाला बोलावलंत की लेखकाची परवानगी आली, मानधनही आलं.

वैतागलेला_मास्तर
एकांकिका कोणी विचारली? घ्या माहिती: ६२ पानं, ४८ मुलं. लेखक २००४ मध्ये गेले. विभागातर्फे पुस्तिका काढतोय. तीन प्रकरणं, दुसऱ्या लेखकांचे दोन लेख आणि आमचे सरावप्रश्न. किंमत १२० रुपये. शेजारच्या दोन कॉलेजांनीही मागितलीय. पीडीएफ ग्रुपवर टाकेन.

कलम_बावन्न
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सर! वर्गात वाटणं वेगळं आणि पुस्तिका काढून विकणं वेगळं. ते प्रकाशन झालं, तिथे (एच) लागतं आणि त्याच्या अटी कडक आहेत. संग्रहातला बहुतांश मजकूर कॉपीराइट नसलेला हवा. दुसऱ्याचे छोटे उतारेच घेता येतात. एका लेखकाचे दोनांहून जास्त उतारे एकाच प्रकाशकाला, म्हणजे इथे तुम्हाला, पाच वर्षांत छापता येत नाहीत. शिवाय ज्यातून घेताय ते पुस्तक मुळात पाठ्यपुस्तक नको. ६२ पानांना 'छोटा उतारा' कोण म्हणेल? पुस्तिका काढायचीच तर लेखी परवानगी घ्या.

ग्रंथपाल_ताई
मूळ प्रत ग्रंथालयात आहे का, हे अजून कळलं नाही. टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफवर हा डोलारा उभा करू नका. बाजारात मिळत नसेल तर ग्रंथालयाला तीन प्रती काढता येतात.

कलम_बावन्न
ताई, ती तरतूद विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आहे. कॉलेजचं ग्रंथालय त्यात बसवण्यावर वाद होईल. इथे (आय) असताना तिकडे जायचंच कशाला?

ग्रंथपाल_ताई
बरं, ते राहू द्या. मास्तर, पुस्तिका विसरा आणि सुट्या प्रती काढा. अभ्यासक्रमाच्या ज्या पानावर ही प्रकरणं नेमली आहेत ते वर जोडा. मागोमाग पुस्तकाचं शीर्षकपान आणि प्रकाशकाचं पान. झेरॉक्स बाहेरच्या दुकानातून काढलीत तरी चालेल, मात्र झेरॉक्सच्या खर्चावर एक रुपयाही चढवू नका. पीडीएफ गूगल क्लासरूममध्ये जोडा, म्हणजे ती त्या वर्गापुरती राहते. ड्राइव्हची 'लिंक असलेला कोणीही' ही सोय बंद ठेवा, शेअरच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची खूणही काढा. ग्रुपवर टाकलीत की ती माजी विद्यार्थ्यांकडे, क्लासवाल्यांकडे कधी गेली कळत नाही, आणि मग 'शिकवण्याचा ओघ' कुठला दाखवणार? एन-लिस्टवरचं (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि नियतकालिकांची सेवा) काही असेल तर लिंकच द्या. तिथे कराराच्या अटी चालतात.

स्कॅनवाला
मराठी छपाई असेल तर स्कॅन ३०० डीपीआयला (इंचामागे ३०० ठिपके) करा. फोनने काढलेल्या फोटोत जोडाक्षरं फुटतात, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) 'क्ष'चं भलतंच काहीतरी करतो.

दहा_टक्केवाले
लेखक गेले म्हणजे पुस्तक मोकळं नाही का झालं?

कलम_बावन्न
मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला मोकळं झालं. तरी नव्या आवृत्तीतली दुसऱ्याने लिहिलेली प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ मोकळं होत नाही. मास्तरांच्या लेखकाचा हिशेब १ जानेवारी २०६५ ला लागेल.

वैतागलेला_मास्तर
प्रत ग्रंथालयात आहे, माझ्याच नावावर, मुदत उलटून गेलीय. पुस्तिका रद्द. शेजारच्या कॉलेजांचं काय?

ग्रंथपाल_ताई
त्यांचे शिक्षक त्यांच्या वर्गासाठी स्वतः काढतील. तुम्ही गठ्ठा पाठवू नका. आणि आधी दंड भरा.