सीडरची साल काढूनही झाड जगतं, ते कसं? मुंबईत दाखवता येईल का?

उलटा_पीळ
कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या समशीतोष्ण वर्षावनात हैडा, नू-चा-नुल्थ वगैरे लोक उभ्या रेड सीडरची साल काढून टोपल्या, चटया, टोप्या विणतात, आणि झाड पुढे वर्षानुवर्षं उभं असतं. मे महिन्यात दादरला 20 जणांसाठी दोरी वळण्याची कार्यशाळा आहे, तिथे हा विषय घ्यायचा आहे. साल नेमकी कशी आणि किती काढतात? आणि सोसायटीच्या आवारात एक जुना रेन ट्री आणि दोन भेंडीची (म्हणजे पारोसा पिंपळाची, भाजीची नव्हे) झाडं आहेत, त्यांची हातभर पट्टी काढून दाखवली तर चालेल का? पाऊस काय, आपल्याकडेही धो धो पडतोच.

मोरपंखी
आधी नावाचा घोळ. रेड सीडर म्हणजे देवदार नव्हे. तो थुजा प्लिकाटा, आपल्या बागांतल्या मोरपंखीचा नातलग.

साल काढायचा हंगाम साधारण मे ते जुलै. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल लाकडावरून सुटते. हंगाम चुकला की ती चिकटून बसते आणि तुकड्या-तुकड्यांत फाटते. झाड सरळ, पिळ न पडलेलं आणि खालच्या बाजूला फांद्या नसलेलं निवडतात. आधी झाडाशी बोलून साल मागतात, मग बुंध्याजवळ दोन तळहातांएवढा आडवा छेद देतात. छेदाखाली पाचर सारून साल उचलायची, दोन्ही हातांनी धरायची आणि झाडापासून मागे मागे चालत ओढायची. पट्टी वर चढत निमुळती होते आणि शेवटी आपोआप सुटून खाली येते. 25-30 फूट सहज मिळते. खोडावर उंच, टोकदार त्रिकोणाची खूण राहते.

बाहेरची खडबडीत साल तिथेच वाकवून वेगळी करतात; कामाची असते ती आतली. तिची घडी घालून वाळवतात, बहुधा वर्षभर ठेवतात, आणि विणायच्या आधी भिजवून तिचे पातळ पदर काढतात. कपड्यासाठी मऊ हवी असेल तर कुटतात.

किती घ्यायची याचा हिशेब घेराच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जात नाही. बरेच जण त्याहून कमीच घेतात. त्याच किनाऱ्यावरच्या क्वाक्वाका'वाक्व लोकांची समजूत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसने नोंदवून ठेवली आहे: कोवळ्या सीडरची सगळी साल सोलली तर तो मरतो, आणि शेजारचा सीडर त्या सोलणाऱ्या माणसाला शाप देतो, मग तो माणूसही मरतो.

आतली_साल
तो शाप वनस्पतिशास्त्राला धरूनच आहे. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे जाते ती आतल्या सालीतून. पाणी वर चढतं ते लाकडातून. म्हणून पूर्ण कडं सोललं तरी झाड लगेच वाळत नाही. पानं काही काळ हिरवी राहतात, मुळं उपाशी मरतात, आणि मग एके दिवशी सगळं कोसळतं. एकाच बाजूची पट्टी गेली तर उरलेल्या सालीतून वाहतूक चालू राहते. उघडं पडलेलं लाकूड पुन्हा सालीने भरत नाही, दोन्ही कडांनी नवी वाढ गुंडाळत आत येते. त्या कडांमधली वलयं मोजून साल कोणत्या वर्षी काढली तेही ठरवता येतं. ब्रिटिश कोलंबिया या तिथल्या प्रांतात 1846 पूर्वीच्या अशा खुणा असलेल्या झाडांना वारसा कायद्याचं संरक्षण आहे. त्याच प्रांतातल्या मिअर्स बेटावरची वृक्षतोड 1985 मध्ये न्यायालयाने थांबवली, तेव्हा साल काढलेली झाडं हा तिथल्या जुन्या वापराचा पुरावा धरला गेला.

तुमच्या रेन ट्रीला मात्र हात लावू नका. सीडरच्या गाभ्यात बुरशीला रोखणारी रसायनं असतात, पण त्यावरून रेन ट्रीही जखम सोसेल असं धरता येत नाही. पावसाचीही तुलना जमत नाही. त्या किनाऱ्यावरच्या टोफिनो गावात वर्षाला 3,200 मि.मी.च्या आसपास पडतो, पण थंडीत जास्त आणि थोडाथोडा वर्षभर. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर, तोही उष्ण हवेत. मे महिन्यात केलेली जखम जूनमध्ये बुरशीच्या तोंडी. शिवाय 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही ‘तोडणं’ धरलं आहे. आवार सोसायटीचं असलं तरी.

भेंडफांदी
उभ्या झाडाला हात न लावता काम होतं. पावसाळ्याआधी रीतसर परवानगीने फांद्या छाटल्या जातात, त्यातल्या भेंडीच्या उचला. भेंडी अंबाडीच्या कुळातली, साल लांब पट्टीत निघते. (भेंडी बाजाराचं नाव याच झाडावरून पडलं असं एक मत आहे.)

मनगटाएवढ्या जाडीच्या, दीड मीटर सरळ फांद्या घ्या. कापल्यावर एका दिवसात सोला, नाहीतर साल चिकटते. उभी चीर द्या, बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या काढा, बोथट सुरीने वरची हिरवी साल खरवडा. मग दगडाखाली पाण्यात बुडवून 10 ते 15 दिवस. रोज एक पट्टी चोळून पाहा: पदर फितीसारखे सुटले की काढा. आणखी ठेवलं तर धागा कुजून हातात तुटतो. वास येणारच, दोन-तीनदा पाणी बदला. पिंपावर घट्ट कापड बांधा. डासांच्या अळ्या झाल्या तर पालिकेची नोटीस तुमच्या नावावर. धुऊन सावलीत वाळवा. हे सगळं एप्रिलमध्येच उरका, जूनच्या दमट हवेत पट्ट्यांना बुरशी येते.

उलटा_पीळ
20 जणांना किती लागेल? आणि दोरी मध्येच सुटते, ते का?

भेंडफांदी
एका फांदीतून साधारण 10 पट्ट्या, प्रत्येकीचे तीन पदर. माणशी 10 पदर धरले तर सात फांद्या पुरतात. फुकट जाणारं धरून 10 आणा. वळण्याआधी अर्धा तास भिजवा.

दोरी सुटते कारण पीळ एकाच दिशेने दिला जातो. प्रत्येक पेड उजवीकडे पिळा आणि दोन्ही पेड एकमेकांवर डावीकडे गुंडाळा, म्हणजे ते एकमेकांना धरून ठेवतात. आणि दोन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका. सुरुवातीलाच एक पट्टी दुसरीपेक्षा वीतभर आखूड घ्या. जुनी संपायच्या चार बोटं आधी नवी आत घाला. बाहेर राहिलेली टोकं वाळल्यावर कात्रीने कापा, ओली असताना नाही.

मोरपंखी
सीडरची साल अशी कुजवत नाहीत, एवढं कार्यशाळेत आवर्जून सांगा. ती नुसती वाळवून भिजवली की पदर सुटतात. नाहीतर भेंडी दाखवताना लोक दोन्ही एकच समजतील.