मदत हवी आहे: आंब्याच्या ऑर्डरी जंकमध्ये जातात, मेल फोल्डरमध्ये लावणारा सीव्हचा रूल चालतच नाही

मंडळी, देवगडला काकांची हापूसची बाग आहे आणि ऑर्डरींच्या मेलचं सगळं मी बघतो. भाड्याच्या सर्व्हरवर डेबियन (लिनक्स), त्यावर मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेल फोल्डरमध्ये ठेवायला आणि सीव्ह चालवायला डव्हकॉट, आणि स्पॅम ओळखायला आरस्पॅमडी. वर्षभर काही कुरकूर नव्हती. सीझन लागला आणि ऑर्डरी जंकमध्ये जायला लागल्या.

अक्षय्य तृतीयेला आंबे हवेत म्हणून पुण्याच्या एका ताईंनी पैसे भरून पावतीचा फोटो मेल केला. आत मजकूर काही नाही, विषयात फक्त "हापुस २ पेटी". सणाच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला, तेव्हा आम्ही शेडमध्ये पेंढा घालून पेट्या भरत होतो. काका एवढंच म्हणाले, "मेल खंय रवलो रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तयार फळ निवडून रात्रीच्या गाडीने पाठवलं, पण मनाला लागून राहिलंय.

माझ्या सीव्ह स्क्रिप्टमधला रूल असा: विषयात हापूस, हापुस, आंब, पेटी, पेट्या यांपैकी काही असेल तर मेल "ऑर्डर" फोल्डरमध्ये. गिऱ्हाईक ऱ्हस्व-दीर्घ कसंही लिहितं, म्हणून दोन्ही घातलेत. "आंबा" ठेवलं तर "आंब्याची ऑर्डर" सुटते, म्हणून नुसतं "आंब".

ताईंचा तोच मेल सेव्ह करून सीव्ह-टेस्टला (स्क्रिप्ट तपासायच्या कमांडला) दिला तर उत्तर बरोबर येतं, ऑर्डर फोल्डर. प्रत्यक्षात जंक. हेडरमध्ये "एक्स-स्पॅम: येस" आहे, स्पॅमचा स्कोअर ७.१, आणि हा हेडर लागायची आमची मर्यादा मूळचीच, ६. सीव्ह-बिफोरमध्ये, म्हणजे माझ्या स्क्रिप्टच्या आधी चालणारी, एक सामायिक स्क्रिप्ट आहे, ती हा हेडर बघून मेल जंकमध्ये टाकते. पण तिच्यात "इथेच थांब" सांगणारा स्टॉप कुठेच नाही. मग पुढे माझी स्क्रिप्ट चालायला हवी ना? की मर्यादाच १० करू?

प्रतिसाद:
मर्यादेला हात लावू नका, सगळा कचरा आत येईल. स्टॉप नसला तरी, आधीची स्क्रिप्ट "कीप"वर (मेल इनबॉक्समध्ये ठेव) संपली तरच डव्हकॉट पुढची चालवतो. मेल फोल्डरमध्ये टाकणाऱ्या फाइल-इंटूने आपोआपचा कीप रद्द होतो, त्यामुळे तुमच्या स्क्रिप्टपर्यंत पाळीच येत नाही. सीव्ह-टेस्टला तुम्ही तुमची एकटी स्क्रिप्ट दिलीत, म्हणून तिथे सगळं ठीक दिसलं.
जंकची स्क्रिप्ट सीव्ह-बिफोरमधून काढून सीव्ह-आफ्टरमध्ये न्या, म्हणजे ती तुमच्या स्क्रिप्टनंतर चालेल. तिथे रूटने (सर्व्हरच्या मुख्य खात्याने) सीव्हसी ही कमांड चालवून ती कंपाइल करा, कारण त्या फोल्डरमध्ये डव्हकॉटला सहसा लिहिता येत नाही. फक्त एक, विषयात "पेटी" असलेला स्पॅमही आता ऑर्डरमध्ये येईल. ते फोल्डर रोज नजरेखालून घाला.

धागाकर्ता:
दादा, झालं! बहिणीला नुसता फोटो लावून रिकामा मेल पाठवायला सांगितला. "एक्स-स्पॅम: येस" लागला, तरी ऑर्डरमध्येच पडला. तुमचे मनापासून आभार. जुनं जंक चाळलं तर अजून ९ ऑर्डरी निघाल्या. काका आणि मी आत्ता एकेकाला फोन लावतोय.