उदगीरची नवी गाडी : चार वर्षांचं सर्व्हिस पॅकेज घ्यावं का?

प्रेषक : डॅलस, मूळ गाव उदगीर

नमस्कार मंडळी,

दसऱ्याला अण्णांसाठी उदगीरला गाडी घेतली. छोटी, पेट्रोल. शोरूम आणि सर्व्हिस सेंटर दोन्ही लातूरला. परवा रात्री बारा वाजता, म्हणजे तिकडचे सकाळचे साडेदहा, मला तिथून फोन आला. चार वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरचं सर्व्हिस पॅकेज, २६,५०० रुपये, आज भरलं तरच हा दर. वॉरंटी वाढवायची तर तिचे पैसे वेगळे.

माझा गोंधळ असा. इथे टोयोटा घेतली तेव्हा दोन वर्षं किंवा २५,००० मैलांपर्यंतची ठरलेली सर्व्हिसिंग फुकट होती, तेल-फिल्टरसकट. अण्णांच्या गाडीच्या पुस्तकातही तीन फ्री सर्व्हिसची कुपनं आहेत. मग हे पैसे कशाचे? अण्णा म्हणतात, "नवी गाडी हाय, आत्ताच काय दुरुस्ती करलालेत?"

त्यांचं वय ७१. गाडी शेतापर्यंत, बाजारात आणि महिन्यातून एकदा लातूरला डॉक्टरकडे जाते. वर्षाला पाच हजार किलोमीटरच्या वर जाणार नाही. पैसे भरायला माझी ना नाही, पण काउंटरवर त्यांना कोणी काही गळ्यात मारू नये एवढी काळजी आहे. कोणाचा अनुभव असेल तर सांगा.

———

प्रेषक : छत्रपती संभाजीनगर, २०१९ पर्यंत डॅलस

भाऊ,

आज भरू नका. मलाही हेच सांगितलं होतं, आणि महिन्याने गेलो तेव्हा तोच दर मिळाला.

आधी 'फ्री'चा अर्थ. आपल्याकडे फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट, जे काही गाडीत ओततील किंवा बदलतील त्याचे पैसे पडतात. मारुतीचं वेळापत्रक घ्या : १,००० किलोमीटर किंवा एक महिना, ५,००० किंवा सहा महिने, १०,००० किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. पहिल्या दोन वेळा मुख्यतः तपासणीच असते. म्हणजे पहिल्या वर्षाची मजुरी तुम्ही गाडीच्या किमतीतच भरून बसला आहात. चार वर्षांच्या पॅकेजात ती पुन्हा मोजली आहे का, हा पहिला प्रश्न विचारा.

आता हिशेब. अण्णांची गाडी चार वर्षांत २०,००० किलोमीटर जाईल, पैसे मात्र तुम्ही ४०,००० किलोमीटरचे भरणार. मुदत संपली की उरलेले किलोमीटर गेले. माझी गाडीही तशीच छोटी पेट्रोल आहे. पहिल्या वर्षाचं बिल ३,४०० झालं, दुसऱ्याचं ६,१८०, तिसऱ्याचं ५,९००. चौथ्या वर्षी ब्रेक ऑइल वगैरे धरून आठ हजार पकडा. एकूण साडेतेवीस हजार. तेही एकदम द्यायचे नाहीत, वर्षाच्या वर्षाला. पुण्यात माझी भाची रोज नोकरीला गाडी नेते, वर्षाला १५,००० चालवते, तिला मी स्वतः पॅकेज घ्यायला लावलं. तिचं गणित वेगळं आहे.

दुसरं, पॅकेजात काय नाही ते वाचा. साध्या पॅकेजात ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर बसत नाहीत. झिजणाऱ्या भागांसह जे पॅकेज असतं ते महाग असतं. लातूरला मिळालेलं पॅकेज दुसऱ्या गावात चालतं का, गाडी विकली तर पैसे परत मिळतात की नव्या मालकाच्या नावावर होतं, हे लेखी मागा. आणि दरपत्रक कधीचं आहे ते बघा. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मजुरीवर आधीपासूनच १८ होता.

खरा खर्च पॅकेजात नसतो, तो जॉब कार्डाच्या, म्हणजे गाडी देताना कामांची यादी लिहून सही घेतात त्या कागदाच्या, खालच्या अर्ध्या पानावर असतो. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या कार्डावर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचं वॉशर आणि एअर फिल्टर एवढंच हवं होतं. त्याखाली एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, इंटिरिअर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश असं सगळं आधीच टिक करून ठेवलेलं होतं. ४,३०० रुपये. मी पेन मागितलं आणि एकेक खोडलं. सल्लागार पोरगा काही बोलला नाही, त्याला टार्गेट असतं. अण्णांच्या वयाच्या माणसाला तिथं "काका, हे करावंच लागतं" म्हटलं की ते सही करतात. म्हणून जॉब कार्डावर तुमचा नंबर द्या. अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर मागवा, तुमचा होकार आल्याशिवाय काम नाही, असं कार्डावरच लिहून घ्या.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. वाळूजला सुट्या भागांच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढली, म्हणून ठामपणे सांगतो. गाडीच्या पुस्तकात धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळा तक्ता असतो, तो कोणी उघडत नाही. मी एकदा गावाकडून आल्यावर एअर फिल्टर काढून पायरीवर आपटला. घड्याघड्यांत काळ्या रानाची माती, कोपऱ्यात सोयाबीनचं भुसकट. जेमतेम ७,००० किलोमीटर झाले होते. अण्णांची गाडी शिवाराच्या वाटेवर चालणार, ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरच्या मागे धूळ खाणार. त्यांचा एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर दर सहा महिन्यांनी उघडून बघायला सांगा. आणि चालो न चालो, वर्षाला एकदा ऑइल बदलायचंच. शेतापर्यंत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतही नाही, त्याने ऑइल लवकर खराब होतं.

वाढीव वॉरंटी हा वेगळा विषय आहे. ती बिघाडासाठी असते, सर्व्हिसिंगसाठी नाही. मारुतीने २०२४ च्या जुलैपासून मूळ वॉरंटीच तीन वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर केली आहे. आजच्या गाडीत इतकं इलेक्ट्रॉनिक्स आहे की एखादा कंट्रोल युनिट गेला तर चार सर्व्हिसिंगइतका खर्च एकदम अंगावर येतो. तुम्हाला पैसे घालायचेच असतील तर तिथं घाला. पण त्यासाठी सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर झालेल्या लागतात, नोंदीसह.

गावातल्या मेकॅनिककडे केलं तर वॉरंटी जाते का, हे पुढचं कोणी विचारेल. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात २,५४४ कोटींचा दंड लावला, तेव्हा बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मी तरी अण्णांना या वयात काउंटरवर कायदा मांडायला लावणार नाही. वॉरंटी आहे तोवर लातूरलाच न्यावी, डॉक्टरच्या तारखेलाच सर्व्हिसिंगची तारीख घ्यावी. सकाळी गाडी टाकायची, दवाखाना, जेवण, चारला गाडी परत. साठ-पासष्ट किलोमीटरवरचा वेगळा हेलपाटा वाचतो.

———

प्रेषक : प्लेनो, माहेर परभणी

काकांनी सगळं सांगितलंय, एक राहिलं. गाडी धान्याच्या पोत्यांजवळ लावू देऊ नका. माझ्या भावाची गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी होती, उंदरांनी वायरिंग कुरतडलं. वॉरंटीत नाही, पॅकेजात नाही. विम्यात बसतं का, ते पॉलिसी घेतानाच विचारा.

———

प्रेषक : डॅलस, मूळ गाव उदगीर

काका, ताई, मनापासून आभार.

काल लातूरला फोन करून चार वर्षांचा तक्ता आणि प्रत्येक कामाचा आजचा दर मागितला. पहिल्या वर्षाची मजुरी पॅकेजात मोजलेली होती, त्यांनी ते मान्य केलं. पॅकेज नको म्हणून सांगितलं, वाढीव वॉरंटी दोन वर्षांची घेतली. जॉब कार्डावर माझा नंबर टाकायला तयार आहेत.

अण्णांनी आज सकाळी पोती पडवीतून आत हलवली. गाडी ७४० किलोमीटर झालीय. पहिली सर्व्हिस आणि डॉक्टरची तारीख, दोन्ही येत्या गुरुवारी.