कोड थोडा, कागद फार
‘मेडिकल डिव्हाइस स्टार्टअपमधलं कोडिंग निवांत असतं, त्यात नाशिक म्हणजे आरामच’ असं काही जण म्हणतात, ते मला काही पटलं नाही बुवा. नाशिकच्याच अंबडला आमच्याकडे इन्फ्युजन पंपाचं, म्हणजे रुग्णाच्या शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्राचं, सॉफ्टवेअर आहे. आयईसी ६२३०४ या मेडिकल सॉफ्टवेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सॉफ्टवेअरचे धोक्यानुसार ए, बी, सी असे वर्ग. बिघाडाने मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकत असेल तर सी. मग एका ओळीचा बदलसुद्धा कुठल्या रिक्वायरमेंटसाठी केला, त्याने कुठला धोका वाढतो, कुठल्या टेस्टने तपासला, सगळं लेखी. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे निदान-उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही कायद्याने मेडिकल डिव्हाइसच आहे, त्यामुळे ‘आधी रिलीज, मग बघू’ विसरा. कंटाळा येतो? येतोच! पण पंपाच्या अलार्मचा कोड असा निवांतपणे लिहिलेला मला तरी चालणार नाही. पगार मात्र पुण्याएवढाच मागा.