जुने टीव्ही गेम पुन्हा खेळायचेत, काय घ्यावं? (बजेट ४००० रु.)

उगवतीकर (धागाकर्ता)
घरात ४३ इंची एलईडी टीव्ही आहे. मागे दोन एचडीएमआय आणि एव्हीसाठी एकच छोटं गोल भोक. काँट्रा, टँक, बॉम्बरमॅन दोघांनी मिळून खेळायचेत. लेकीला डक हंटची बंदूक हवीय. माळ्यावर २१ इंची जुना डबा टीव्ही चालू स्थितीत आहे, तो भंगारात द्यायचा विचार चाललाय. ४००० च्या वर जाणार नाही.

चौकोनीचित्र
रास्पबेरी पाय ५ (तळहाताएवढा संगणक, टीव्हीला जोडून जुने गेम चालवता येतात), आठ जीबीवाला, पंख्यासकट केस आणि दोन ब्लूटूथ कंट्रोलर. माझ्याकडे हेच आहे. डोळे झाकून घ्या.

लवंगीफटाका
डोळे झाकून घ्या म्हणजे बजेटही दिसायला नको! ८-बिट गेमना पाय ३ सुद्धा उरून पुरतो. एचडीएमआयवाली गेम स्टिक (टीव्हीत खुपसायची, आत गेम भरलेली कांडी) घ्या, दोन वायरलेस रिमोट सोबतच येतात. माझी मस्त चालते.

तारजोड
स्टिक घेतलीत तर पहिल्याच दिवशी तिच्यातलं मेमरी कार्ड संगणकावर पूर्ण कॉपी करून नव्या, नावाजलेल्या कंपनीच्या कार्डावर टाका. सोबत येणारी कार्डं हमखास दगा देतात. आणि टीव्हीत 'गेम मोड' चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ विचार करून उडी मारतो.

त्या छोट्या भोकाला ३.५ मिमीची चार कप्प्यांची पिन लागते. पिवळी-पांढरी-लाल वायर जोडून चित्र आलं नाही किंवा स्पीकरमधून घूंऽऽ आवाज आला, तर पिवळ्याच्या जागी लाल पिन लावून बघा, कारण कप्प्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. तरीही जमलं नाही तर ग्राउंडच वेगळ्या कप्प्यावर आहे, वायर बदला.

चौकोनीचित्र
त्यापेक्षा एव्ही टू एचडीएमआय डबी लावा की.

तारजोड
स्वस्त डबी नको. हे गेम दर वेळी २४० ओळींचं पूर्ण चित्र पाठवतात. डबी त्याला अर्धं चित्र समजते आणि दोन-दोन एकत्र विणते. काँट्रात मेल्यावर आपला माणूस लुकलुकत परत येतो ना, तिथे तो दातेरी तरी दिसतो नाहीतर गायबच होतो.

मधलीसुट्टी
विषयांतर: बॉम्बरमॅनचा पहिला भाग एकट्यानेच खेळायचा आहे. दोघांना १९९१ चा दुसरा भाग लागेल. '९९९९ इन १' कॅसेटमध्ये बहुतेक वेळा पहिलाच असतो, आणि बाकीचे गेमही मोजकेच, नावं बदलून पुन्हा पुन्हा.

लवंगीफटाका
आणि काँट्रा जपानी मिळवा. त्यात बर्फाच्या लेव्हलला खरंच बर्फ पडतो.

मधलीसुट्टी
त्या कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची चिप होती, म्हणून आपल्याकडच्या मल्टी कॅसेटमध्ये साधी अमेरिकन आवृत्ती असते. ३० जिवांची युक्ती तिच्यात चालते: वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी, ए, स्टार्ट. दोघांसाठी स्टार्टच्या आधी सिलेक्ट.

सूरपेटी
संगीताबद्दल कुणीच बोललं नाही. पाय किंवा स्टिकवर खेळलात तर 'गेम पळतोय' असं वाटेल. आपले क्लोन (मूळ निन्टेन्डो यंत्राच्या नकला, कॅसेटवाल्या) पाल टीव्हीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीसाठी, सेकंदाला ५० चित्रं. मूळ गेम ६० चे. क्लोनमध्ये प्रोसेसरचा वेग जवळपास मूळचाच ठेवला, म्हणून सूर तोच राहिला आणि लय एक षष्ठांशाने उतरली. शिवाय बऱ्याच क्लोनमध्ये सूर वाजवणाऱ्या चौकोनी लहरींच्या दोन रुंदी उलटसुलट झाल्यात, त्यामुळे आवाजाचा पोतही वेगळा. रेट्रोआर्कमध्ये (जुने गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) एफसीईयूएमएम कोअर, म्हणजे या यंत्राची नक्कल करणारा भाग, घ्या, रीजन 'डेंडी' (पाल क्लोनसारखा वेग) करा आणि ड्युटी सायकल स्वॅप (त्याच रुंदींची अदलाबदल) चालू करा. लहानपणीचा आवाज हाच.

चौकोनीचित्र
+१ तारजोड, स्टिकचं कार्ड बदला.

तारजोड
बंदुकीचं सगळेच विसरले. एलईडीवर ती चालणार नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपतो. एलईडीवर तो चौकोन उशिरा येतो, तोवर गेमने नेम चुकला म्हणून ठरवलेलं असतं. गेम मोडनेही भागत नाही.

उगवतीकर (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. स्टिक नाही, पाय नाही. डबा टीव्ही खाली काढतोय आणि साधा कॅसेटवाला क्लोन घेतोय, बंदुकीसकट. एलईडीला हात लावत नाही.

चौकोनीचित्र
मग विचारलंत कशाला? :)

तारजोड
चांगलं केलंत. अडॅप्टर बदललात तर व्होल्टेजसोबत पिनेच्या मध्यभागी प्लस आहे की मायनस, हे क्लोनवरच्या स्टिकरशी ताडून घ्या. कॅसेटमध्ये फुंकर नको, थुंकीच्या ओलाव्याने संपर्क काळे पडतात. कानकाडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे डाग दिसले तर टीव्ही अर्धा तास पूर्ण बंद ठेवून मग लावा, आतलं डीगॉस सर्किट (पडद्यावर साठलेलं चुंबकत्व घालवणारं) थंड असतानाच नीट काम करतं. मागचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट टिकून राहतात.

लवंगीफटाका
टँकमध्ये जोडीदाराला गोळी लागली की तो जागीच अडकतो, हे लेकीला आधी सांगू नका.