जुनी समई घासून लख्ख करू नका

मालवणच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून घरासाठी काय घ्यावं, असा मूळ प्रश्न आहे. वर एकांनी पितळी समई आणताच घासून लख्ख करायला सांगितलंय. मला ते अजिबात पटत नाही. काळपट झाक ही तिच्या वयाची खूण. दरवेळी घासलं की नक्षीची धार जाते. खाऱ्या हवेनं हिरवी भुकटी धरली असेल तेवढीच काढा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. ते चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता पितळी मुलामा.

लाकडाला मात्र भरपूर वेळ द्या. फणसाचं लाकूड आधी पिवळं असतं, वर्षांनी तपकिरी होतं. म्हणून वय ताडायला पेटीचं झाकण उघडून आतल्या बाजूचा, खणाच्या तळाचा रंग पाहा. भोकांतून ताजं पीठ गळत असेल तर कीड जिवंत आहे. अशी वस्तू कितीही आवडली तरी घरी आणू नका. झोपाळा घेताना कड्या जिथे एकमेकींत अडकतात तिथली झीज बघा, माणसं बसणार आहेत त्यावर.

पितळेच्या पातेल्यात रांधायचं असेल तर आधी कल्हई.

मूर्तीबाबत जपून. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, नोंदणीचा कागद मागाच.

आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात जाच! तिथे हातानं रंगवलेली गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक पत्ते, मिळते. दशावतारी संचात १२० पानं असतात. वस्तू नवी, पण कला जुनी, आणि पैसे थेट कारागिरांच्या कामाला लागतात.