डोळ्याचे तंतू मेंदूत पोचतात ते पत्ता घेऊन, की वापरातून?

रानवारा:
‘बाळ बघू लागलं की वापरातून डोळा-मेंदूची जोडणी होते’ हे वाक्य अजून शिकवलं जातं, आणि ते मला चुकीचं वाटतं. १९४०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी बेडकाच्या डोळ्याची नस कापली आणि डोळा १८० अंश फिरवून बसवला. बेडकाची नस पुन्हा वाढते. तंतू वाढले ते थेट आपल्या जुन्याच जागी गेले. मग माशी वर असली की बेडूक जीभ खाली मारायचा, आणि हे कधीच सुधारलं नाही. वापरातून जोडणी होत असती, तर उपाशी बेडूक शिकला नसता का? १९६३ मध्ये स्पेरींनी तंतूंना पत्ता दाखवणाऱ्या रासायनिक खुणांची कल्पना मांडली. १९९५ मध्ये इफ्रिन ही प्रथिनं या कामात सापडली. डोळ्याचे तंतू मेंदूच्या ज्या भागात पोचतात (टेक्टम), तिथे मागच्या बाजूला ती जास्त असतात. डोळ्याच्या कानशिलाकडच्या बाजूने आलेल्या तंतूंना ती दूर ढकलतात, म्हणून ते पुढेच थांबतात. नाकाकडचे मागपर्यंत जातात.

अबोली:
रानवारा, पत्ता इतका पक्का असता तर गेझ आणि शर्मा या शास्त्रज्ञांच्या गोल्डफिशचं काय? १९७० मध्ये त्यांनी माशाच्या टेक्टमचा मागचा अर्धा भाग काढला. काही काळाने अख्ख्या डोळ्याचा नकाशा, म्हणजे कुठला तंतू कुठे याची मांडणी, उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीने बसला. तंतू घर नंबर नव्हे, शेजारी पाहून बसतात. डोळे उघडण्याआधीच डोळ्याच्या पडद्यावर विजेच्या लाटा येतात, हे १९९१ मध्ये दिसलं. उंदरांत त्या बिघडवल्या की नकाशा विस्कटतो.

रानवारा:
गोल्डफिश मान्य, तिथे माझं म्हणणं तोकडं पडतं. पण लाटा अंधारातल्या आहेत हो! त्यात ‘बघणं’ कुठे आलं? आणि लाटा बिघडल्या तरी तंतू साधारण योग्य भागात पोचतातच.

चिऊची आई:
माझ्या मुलीच्या एका डोळ्याला नंबर जास्त होता, तो आळशी झाला. चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी बांधून तो कामाला लावला. ‘सगळं आधीच ठरलंय’ हे ऐकून कुणी पट्टी सोडू नये, एवढंच कळकळीने सांगते.

अबोली:
ताई, अगदी बरोबर. रानवारा, ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे शिवला, तेव्हा तंतू जागेवर होते, पण मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणं जवळजवळ सोडलं होतं. अशा जोडणीला तुम्ही ‘पूर्ण’ म्हणाल?